बोल्ट निघाले, एअरबॅग गेली

“दिवा आधीपासूनच लागत असेल, काका.” सर्व्हिस अॅडव्हायजरचं हे वाक्य आठवलं की अजून डोकं तडकतं.

गाडी 2011 ची हॅचबॅक. राहणं रत्नागिरीत, समुद्राच्या वाऱ्यात, तेव्हा गंज आलाच. दोन्ही लोअर आर्म, स्टेअरिंगचा रॅक आणि इंजिनाचं मागचं माउंटिंग ज्याला जखडलेलं असतं, तो पुढचा क्रॉस मेंबर एका बाजूनं पापुद्रे सुटून कुजला होता. वेल्डिंगचं ठिगळ नको, नवाच टाका, म्हटलं.

भीती होती बोल्टांची. ते चेसिसच्या आत वेल्ड केलेल्या नटात बसतात. गंजलेला नट आतल्या आत सुटला की बोल्ट नुसता गरगर फिरतो आणि पत्रा कापण्याची वेळ येते. पण तिथल्या पोरानं आदल्या संध्याकाळीच तेल सोडून ठेवलं होतं. इंजिन वरून साखळीनं तोललं, बॉल जॉइंट सोडवले, मग एकेक बोल्ट थोडा सैल, परत थोडा घट्ट, असं करत सगळे काढले. एकही तुटला नाही. सांगाडा जॅकवर अलगद खाली आला. मला फार कौतुक वाटलं.

घोळ झाला तो बसवताना. स्टेअरिंगचा दांडा रॅकपासून सोडवलेला होता. त्याचे दाते जुळेनात, म्हणून कुणीतरी खिडकीतून हात घालून स्टेअरिंग फिरवलं. एकदा नाही, गरागरा. मी ओरडलो, “अहो, ते फिरवू नका!” उत्तर आलं, “काही होत नाही.”

होतं. स्टेअरिंगच्या खाली एका डबीत चपटी केबल गुंडाळलेली असते. एअरबॅगची आणि हॉर्नची वायर तिच्यातून जाते. एरवी चाकं पूर्ण वळली की रॅकच स्टेअरिंगला थांबवतो. दांडा सुटा असला की थांबवणारं कुणी नाही. केबल ताणते आणि तुटते. गाडी चालू केली तर एअरबॅगचा दिवा विझेना. हॉर्नही मुका.

आणि यावर ते वाक्य! मी विचारलं, “मग सकाळी वॉचमननं गेट कशानं उघडलं? मी हॉर्न दिला म्हणूनच ना?” त्यावर गाडी जुनी आहे, वायरिंग जुनं आहे, समुद्राची हवा आहे. क्रॉस मेंबरचा गंज मला मान्य होता, पण डॅशबोर्डाआडच्या केबलला समुद्राची हवा त्याच दुपारी लागावी? शेवटी मजुरी कमी केली, केबलचे पैसे माझ्याकडूनच घेतले.

स्टेअरिंग फिरवणारा तोच पोरगा होता, हे नंतर कळलं. मग राग धरवेना. बोल्ट काढायला त्याला कुणीतरी नीट शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं. खरं तर 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आहे. तेव्हा सुटं स्टेअरिंग फिरवू नये, हे फोरमनला माहीत नसणं क्षम्य नाही. अलाइनमेंटचं बिल लावायला मात्र कुणी विसरलं नाही. तरीही लोअर आर्मचं काम निघालं तर मी त्याच पोराकडे जाईन.

तुमच्या गाडीचं असं काम निघालं, तर चाकं सरळ ठेवून किल्ली काढून घ्या, सीटबेल्ट स्टेअरिंगमधून ओवून लावायला सांगा. आणि गाडी ताब्यात देताना एअरबॅगचा दिवा विझतो, हॉर्न वाजतो, एवढं जॉब कार्डावर लिहून सही घ्या.