केमच्या फलकावरचा आकडा

मुलांनो, देवघरातल्या करंड्यात जे कुंकू असतं, ते कुठून येतं ठाऊक आहे? कदाचित सोलापूर जिल्ह्यातल्या केमहून! करमाळा तालुक्यातलं हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. उत्तरेश्वराचं देऊळही इथलंच. पण आज आपण केमला निघालोय ते एका वेगळ्याच कामासाठी. सोबत आहे एक जुना गेम बॉय आणि त्याला जोडलेला, घरी जुळवलेला जीपीएस रिसीव्हर.

तुम्ही म्हणाल, खेळाच्या यंत्राला वाट कशी कळणार? त्याला ती कळत नाहीच! वाट शोधतो रिसीव्हर. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह सतत वेळ सांगत असतात. कोणाचा संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून त्याचं अंतर निघतं. अशी चार उपग्रहांची अंतरं मिळाली की आपली जागा सापडते. हिशेब मात्र काटेकोर हवा. वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकली, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं!

मिळालेलं उत्तर रिसीव्हर दर सेकंदाला अक्षरा-आकड्यांच्या ओळींत लिहून पाठवतो. १९८९ साली आलेल्या गेम बॉयला दोघांनी मिळून खेळण्यासाठी केबलची एक खोबण आहे. त्या ओळी तिथूनच आत घ्यायच्या. पण दोघांची बोलण्याची रीत वेगळी. म्हणून मधे दुभाषा हवा! ते काम एक छोटासा मायक्रोकंट्रोलर करतो. आकडे पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम पुन्हा लिहिता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये भरला, की झाली तयारी.

आता दौंडहून सोलापूरकडे जाणारी गाडी पकडू. अँटेना खिडकीजवळ धरा, कारण डब्याचं पत्र्याचं छप्पर उपग्रहांचे संदेश अडवतं. भिगवणच्या परिसरात उजनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे. पडद्यावर अक्षांश हळूहळू कमी होतोय आणि रेखांश वाढतोय. म्हणजे आपण आग्नेयेकडे चाललोय. जेऊर येण्याआधीच रेखांशाच्या ७४ चे ७५ अंश होतात. जेऊरनंतर भाळवणी, आणि मग आलंच केम!

फलाटावर पिवळा फलक दिसतो. त्यावर गावाचं नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. चला, ताळा करू! पण हे काय? उपग्रहांवरून थेट काढलेली उंची फलकापेक्षा पन्नास मीटरहून अधिक कमी भरते. चुकलं कोण? कोणीच नाही. जीपीएस उंची मोजतो ती गणिताने कल्पिलेल्या, गुळगुळीत पृथ्वीपासून. खरी समुद्रसपाटी तशी गुळगुळीत नाही. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसल्यामुळे ती कुठे वर, कुठे खाली असते. भारताच्या परिसरात ती बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर ती शंभर मीटरहूनही खाली जाते! बहुतेक रिसीव्हर ही दुरुस्ती स्वतःच करतात आणि तो फरकही ओळीत वेगळा लिहितात. बाजारचं तयार यंत्र एकच आकडा दाखवून गप्प बसतं. आपल्या पडद्यावर मात्र आपण दोन्ही आकडे मांडू शकतो.

आणखी एक गंमत. तुम्ही फलाटावर अगदी स्तब्ध उभे राहा, तरी शेवटचे आकडे नाचतच राहतात. उघड्यावरही काही मीटरचा फरक राहतोच. मे २००० पूर्वी तर अमेरिका सर्वसामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम घोळ घालत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. भारतानेही स्वतःच्या दिशादर्शक मालिकेतला पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला.

आता तुमच्या गावच्या स्टेशनावर मोठ्या माणसांना घेऊन जा. फलकावरची उंची वहीत लिहा आणि शेजारी यंत्राने दाखवलेली. दोन आकडे जुळले नाहीत, तर लगेच एकाला खोटं ठरवू नका. आधी विचारा, प्रत्येकाने मोजायला सुरुवात कुठून केली?