सर्व्हर डाऊन आहे

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला झोपेतून उठवून विचारा, गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं? तो डोळे न उघडता सांगेल, "सर्व्हर डाऊन आहे." मुलांची माहिती भरा, आधार जुळवा, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरा, आणि हे सगळं शेवटच्या तारखेच्या आत. दिवसा पान उघडतच नाही. म्हणून आमच्यातले अनेक जण रात्री दोन-अडीचला उठून फॉर्म भरतात. रमजानमध्ये माझी त्यातल्या त्यात सोय होते. सहरीसाठी उठायचंच असतं, तर आधी लॅपटॉप सुरू करते आणि मग गॅस पेटवते.

यंदा ईदच्या चार दिवस आधी बहिणीचा मुलगा पुण्याहून आला. तो वेब डेव्हलपर आहे. घर भरलेलं होतं म्हणून झोपायला माझ्याकडे असायचा. पहाटे मी लॅपटॉपसमोर बसून कपाळाला हात लावलेला पाहिला आणि तो हसायलाच लागला.

"खाला, त्या चाकाकडे बघून काही होत नाही. पान रिफ्रेश केलंस की तू रांगेत पुन्हा मागे जातेस."

"मग करू काय?"

"चहा कर. सर्व्हरला पण सांग, मी किटली आहे म्हणून."

मला वाटलं, झोपेत बोलतोय. मग त्याने सांगितलं ते खरं निघालं. आपण पान मागितलं की सर्व्हर एका आकड्यात उत्तर देतो. २०० म्हणजे सगळं ठीक. ४०४ म्हणजे असं पान सापडत नाही. ५०३ म्हणजे सध्या सेवा देता येत नाही. हा शेवटचा आकडा आम्हा शिक्षकांचा. आणि ४१८ म्हणजे "मी चहाची किटली आहे." १ एप्रिल १९९८ रोजी इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांपैकी लॅरी मॅसिंटर यांनी कॉफीच्या भांड्याला इंटरनेटवरून हुकूम कसे द्यावेत याची नियमावली लिहिली. भाषा अगदी सरकारी परिपत्रकासारखी गंभीर. त्यात एक कलम असं, की चहाच्या किटलीला कुणी कॉफी करायला सांगितलं तर तिने ४१८ हे उत्तर द्यावं. एप्रिल फूल, दुसरं काही नाही. पण लोकांनी ते खरोखर आपापल्या प्रोग्रॅममध्ये बसवलं. २०१७ मध्ये हा आकडा काढून टाका अशी सूचना आली, तर जगभरच्या डेव्हलपरांनी ओरडा केला आणि किटली वाचली. आजही तो आकडा दुसऱ्या कुठल्या कामाला देत नाहीत.

त्या पहाटे फॉर्म काही भरला गेला नाही. पण पुढचे तीन दिवस सहरीनंतर आमच्या गप्पा रंगल्या.

त्याच्या धंद्यातली माणसं भांडतात कशावरून, ऐका. ओळ सुरू करताना आत सरकवायची तर टॅबचं बटण दाबायचं की स्पेसचं, यावरून. दोन्ही पक्ष अनेक वर्षं हटलेले नाहीत. मजकूर लिहायचं विम नावाचं एक जुनं साधन आहे, १९९१ पासूनचं. त्यात शिरता येतं, बाहेर पडता येत नाही, असा विनोद आहे. यात अतिशयोक्ती असेल असं मला वाटलं. तर २०१७ मध्ये प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या ठिकाणी "विममधून बाहेर कसं पडायचं" हा प्रश्न दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेल्याचं त्यांनीच जाहीर केलं होतं. आमच्याकडे नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी मस्टर कुठे आहे ते सापडत नाही, तसंच म्हणायचं.

भाचा पीएचपीत काम करतो. हे सांगताना तो जरा खालच्या आवाजात बोलला. ती जुनी, ओबडधोबड भाषा समजतात म्हणे, नवी पोरं तिची टिंगल करतात. आणि विकिपीडिया? तो चालतो ते सॉफ्टवेअर पीएचपीतच लिहिलेलं. वर्डप्रेससुद्धा. मी म्हणाले, "म्हणजे मराठी माध्यमासारखं. नावं ठेवणारे पुष्कळ, आणि गाडा त्याच्यावरच चाललेला." तो म्हणाला, "खाला, हे मी मित्रांना सांगणार."

मला सगळ्यात आवडली ती एका आर अक्षराची गोष्ट. आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलो की नव्या पानाच्या सर्व्हरला कळतं, हा पाहुणा कुठून आला. ही माहिती ज्या नावाने जाते ते नाव 'रेफरर'. इंग्रजीत या शब्दाच्या मध्ये दोन 'आर' लागतात. पण नियम लिहिताना एकच लिहिला गेला, आणि १९९६ च्या नियमावलीत तो तसाच छापला गेला. तोपर्यंत इतक्या प्रोग्रॅमांत ते चुकीचं स्पेलिंग शिरलं होतं की दुरुस्त केलं तर सगळं मोडेल. म्हणून आजही ही माहिती पाठवताना तो शब्द बरोबर लिहिला तर काम होत नाही, चुकीचा लिहिला तरच होतं. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. ही गोष्ट मुलांना सांगावी की नाही, अजून ठरलेलं नाही.

आमच्या दोन लिप्यांचंही त्यांच्याकडे एक नाव आहे. फोनमध्ये फॉन्ट नसला की उर्दूच्या किंवा मराठीच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे, आठवतं? त्या चौकोनांना ते 'टोफू' म्हणतात, सोयाबीनच्या पनीरसारखे दिसतात म्हणून. गूगलने सगळ्या लिप्यांसाठी फॉन्ट काढले त्याचं 'नोटो' हे नावच 'नो टोफू' वरून आलं. किती वर्षं माझ्या बहिणीला पाठवलेली ईद मुबारक टोफू होऊन पोचली असेल, कोण जाणे.

सर्व्हर म्हणजे नक्की काय, हेही या दिवसांतच कळलं. मला वाटायचं, कुठेतरी मोठं यंत्र असेल. तो म्हणाला, कुणाचा तरी कॉम्प्युटर, एवढंच. क्लाऊड म्हणजे तरी काय, दुसऱ्याचा कॉम्प्युटर. वेबचा पहिला सर्व्हर जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर होता. त्याच्यावर लाल शाईने चिठ्ठी चिकटवली होती, की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. आमच्या शाळेत राउटरच्या स्विचवर अशीच चिठ्ठी आहे. आमचे शिपाईमामा तरीही तो रोज साडेपाचला बंद करतात. वीज वाचवायची असते.

शेवटच्या पहाटे त्याने जी गोष्ट सांगितली ती मात्र विनोदाची नव्हती. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतला एक इंजिनिअर बिघाड दुरुस्त करत होता. रात्र झालेली, थकलेला. एक फोल्डर पुसायचा हुकूम त्याने दिला, आणि दोनेक सेकंदांत लक्षात आलं की आपण चुकीच्या सर्व्हरवर आहोत. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, ऐन वेळी एकही नीट कामाला आली नाही. कुणीतरी सहा तासांपूर्वी सहज घेऊन ठेवलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांतलं गेलं ते गेलं. पण पुढे काय केलं, तर कंपनीने लपवलं नाही. काय पुसलं गेलं, काय चाललंय, हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहीत गेले, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. आणि नंतरच्या अहवालात दोष त्या एका माणसावर न टाकता कामाच्या पद्धतीवर टाकला.

ऐकून मी गप्प झाले. कारण मला एक मुलगी आठवली.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीची जन्मतारीख माझ्या हातून चुकीची भरली गेली. महिना आणि दिवस उलटे पडले. रात्रीची वेळ, डोळ्यांवर झापड. तिची शिष्यवृत्ती अडली. तिचे वडील हातगाडीवर फळं विकतात. दिवसाचा धंदा बुडवून ते शाळेत आले, मग तालुक्याला गेले, पुन्हा शाळेत आले. प्रत्येक वेळी मी सांगितलं, "भाईजान, सर्व्हरची चूक आहे." ते मान हलवून जायचे. दुरुस्ती व्हायला आठ महिने लागले. एका वर्षाचे पैसे मिळाले नाहीत ते नाहीतच.

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्या पहाटे भाच्याला सांगितलं. रोजा तोंडावर होता, कदाचित म्हणून असेल.

तो बराच वेळ कप फिरवत बसला. मग म्हणाला, "खाला, मी बेंचवर आहे म्हणून अम्मीला सांगितलंय ना?"

हो, ते मला ठाऊक होतं. बहिणीने काळजीने विचारलंही होतं, की एवढ्या मोठ्या मुलाला बेंचवर का बसवतात. त्यांच्याकडे हातात प्रोजेक्ट नसला की त्याला बेंच म्हणतात. पगार चालू असतो.

"बेंच पण गेला. दोन महिने झाले. राजीनामा लिहून घेतला."

गेले चार दिवस तो नोकऱ्यांवर सगळ्यात जास्त विनोद करत होता, हे मला तेव्हा उमगलं. फास्टएपीआय नावाच्या साधनाचा निर्माता सेबास्तियन रामिरेझ याची गोष्ट तर त्याने इफ्तारला सगळ्यांसमोर सांगितली होती. २०२० मध्ये त्याला एक जाहिरात दिसली, फास्टएपीआयचा चार वर्षांहून जास्त अनुभव हवा. साधन तयार करून त्याला स्वतःलाच दीड वर्ष झालं होतं. सगळे हसले. बहीणही हसली. माझा भाचा रोज अशाच जाहिरातींना अर्ज करून येत होता, आणि ते आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

मी त्याला उपदेश केला नाही. करायला तोंड नव्हतं. स्टाफरूममध्ये आम्हीही हेच करतो. पोर्टलवर, परिपत्रकांवर, जनगणनेच्या ड्युटीवर इतके विनोद होतात की बाहेरच्याला वाटावं, किती मजेत आहेत. त्या हसण्याने दिवस निघतो, हे खरं आहे. ते मी कमी लेखत नाही. पण विनोद ऐकणाऱ्याला हसायचंच काम असतं. त्याला मदत करायची असेल तर त्याला खरं काय ते कळावं लागतं. मुलांना मी निबंधात सांगते, आधी साधं वाक्य लिहा, मग सजवा. त्याला एवढंच म्हणाले, "मला किटली सांगितलीस ते छान झालं. अम्मीला साधं वाक्य सांग."

"आणि तू?" त्याने विचारलं. पोरगं हुशार आहे.

ईदच्या दिवशी दुपारी शीरखुर्म्याचे कप धुताना त्याने आईला सांगितलं. मी दारात होते. बहिणीने नळ बंद केला, हात पुसले आणि विचारलं, "खोलीचं भाडं किती आहे? या महिन्याचं दिलंस का?" ओरडली नाही, रडली नाही. रडली ती रात्री, माझ्याकडे येऊन. भाच्याला अजून नोकरी लागलेली नाही. एका दुकानाची वेबसाइट करून देतोय. पीएचपीत.

ईदनंतरच्या आठवड्यात मी मंडईत गेले. ते भाईजान त्याच कोपऱ्यावर उभे असतात. कलिंगडं होती. मुलगी आता अकरावीत आहे, म्हणाले. मी सांगितलं, ती तारीख माझ्या हातून चुकली होती, सर्व्हरची चूक नव्हती. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, ते मला तेव्हाच वाटलं होतं."

कलिंगडाचे पैसे त्यांनी पूर्ण घेतले. बरं वाटलं.