तलावाच्या अलीकडे

३ डिसेंबरला भोपाळात स्थानिक सुट्टी असते. आदल्या संध्याकाळी जुन्या शहरात मशाली निघतात, सकाळी सर्वधर्म प्रार्थनासभा होते, वर्तमानपत्रं तीच जुनी छायाचित्रं पुन्हा छापतात. आणि तलावाच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांतले लोक डबे भरून भोजपूरला नाहीतर भीमबेटकाला निघतात. दिवस सुरेख असतो, थंडी कोवळी, ऊन पातळ. या माणसांना मी दगडाच्या काळजाची म्हणणार नाही. यांतल्या कितीतरी घरांनी १९८४ च्या त्या आठवड्यात अंगावरच्या शाली उतरवून दिल्या होत्या.

माझं बालपण याच बाजूला, शिवाजीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. २ डिसेंबरच्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटलं. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत सरकत गेला. जयप्रकाशनगर, काझी कँप, चांदबड, रेल्वे स्टेशन... जिथे माणसं खाली, कुडाच्या भिंतींआड झोपतात तिथे आधी. आम्हाला कळलं ते पहाटे, डोळे सुजलेले, खोकणारे लोंढे टेकडी चढून आमच्याकडे येऊ लागले तेव्हा. मग आई आणि शेजारच्या काकू हमीदिया रुग्णालयात दूध, चहा, चादरी घेऊन जाऊ लागल्या. कोण कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं, काही विचारलं गेलं नाही. ती करुणा खरी होती. तिच्याविषयी शंका घ्यायला माझं मन आजही धजत नाही.

पण ती पुढे कशी झिजत गेली तेही मी पाहिलं आहे. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई चांदबडची. दोन जिने चढताना तिला मधे बसावं लागे. पहिल्या हिवाळ्यात सगळे तिला विचारत, “बाई, छाती कशी आहे?” दोन-तीन वर्षांनी प्रश्न झाला, “अजून खोकला आहेच का?” आणि भरपाईचं वाटप सुरू झाल्यावर तोही गेला. “मुआवज़ा मिला ना?” एवढंच उरलं. तिचं फुप्फुस होतं तसंच होतं, फक्त विचारणाऱ्यांचा आवाज पालटला होता.

त्या पैशांची गोष्ट लोकांनी मनात फार मोठी करून ठेवली होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आकडा कानाला भारी वाटतो. पण दावेदार लाखो, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला आले २५,००० रुपये, आणि बऱ्याच वर्षांनी तेवढेच पुन्हा. मधल्या काळात महिना २०० रुपये अंतरिम मदत मिळे, ती अखेरच्या रकमेतून वजा झाली. बाई औषधांच्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायची, कारण आजार सिद्ध करायला कागद लागे, आणि त्या रात्री जीव घेऊन पळणाऱ्या कुणीही कागद मागून घेतला नव्हता. पैसे आल्यावर तिने एक पंखा घेतला. आमच्या जिन्यात त्या पंख्याची आठवडाभर चर्चा झाली. “गैस का पैसा है,” असं कुणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

मला तो पंखा विसरता येत नाही. दुःखी माणसाने दुःखी दिसत राहावं, अशी दया करणाऱ्याची न बोललेली अट असते. तो जरा सावरला, हसला, त्याने घरात एखादी वस्तू आणली की देणाऱ्याला वाटतं, आता झालं. आणि तो सावरला नाही, वर्षानुवर्षं खोकतच राहिला, तरीही देणारा कंटाळतोच. बाईला दोन्ही बाजूंनी वाट नव्हती.

अब्दुल जब्बार यांना हे फार लवकर उमगलं असावं. ते स्वतः गॅसपीडित, डोळे आणि फुप्फुसं दोन्ही अधू. यादगार-ए-शाहजहानी पार्कात दर शनिवारी ते बायकांची सभा भरवत. वर्तमानपत्रात बातमी येवो न येवो, शनिवार चुकत नसे. त्यांची घोषणा होती, “ख़ैरात नहीं, रोज़गार चाहिए.” बायकांना शिवणकाम शिकवणं, पेन्शनसाठी अर्ज करणं, न्यायालयात तारखांना उभं राहणं, असं रुक्ष काम त्यांनी तीन दशकं केलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते गेले. पद्मश्री त्यानंतर मिळाली.

मला वाटतं, शहर उभं राहतं ते अशा रुक्ष कामांनी. डोळ्यांतलं पाणी चार महिने पुरतं. दूषित भूजलाला नळाच्या पाण्याचा पर्याय मिळावा म्हणून मात्र कारखान्याभोवतीच्या वस्त्यांतली माणसं २००६ मध्ये भोपाळहून दिल्लीपर्यंत चालत गेली, आणि २००८ मध्ये पुन्हा गेली. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांना २००४ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या रकमेतून त्यांनी गॅसपीडितांच्या घरांत जन्मलेल्या अपंग मुलांसाठी ‘चिंगारी’ उभी केली. या मुलांनी ती रात्र पाहिलेलीच नाही. त्यांच्याविषयी वाटावं असं काही आपल्यापाशी उरलं आहे की नाही, यावर त्यांचे उपचार अवलंबून असू नयेत.

देशाला मधूनमधून जाग येते. जून २०१० मध्ये निकाल लागला, आरोपींना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा महिनाभर सगळीकडे संताप होता. मार्च २०२३ मध्ये वाढीव भरपाईची याचिका फेटाळली गेली, ती बातमी दोन दिवसही टिकली नाही. जानेवारी २०२५ मध्ये कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा १२ कंटेनरमधून पिथमपूरला नेला, तिथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला, मग न्यायालयाच्या देखरेखीखाली तो जाळला गेला. आता तरी संपलं ना, असा सूर आमच्या बाजूला ऐकू आला. पण नेला तो गोळा करून ठेवलेला कचरा. कारखान्याच्या आवारातली माती आणि तिच्याखालचं पाणी तिथेच आहे.

तुम्हाला भोपाळचं नाव ऐकून आता गलबलून येत नसेल, तर स्वतःला दोष देऊ नका. पुढच्या डिसेंबरात बातमी दिसली की तीन गोष्टी तेवढ्या विचारा. माती साफ झाली का? पाणी कुणी तपासलं? विधवांची पेन्शन वेळेवर मिळते का? आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.