हिरव्या पाण्यातली वस्ती

अकोल्याहून वाशिमकडे निघालं, की पातूर सोडल्यावर डोंगर जवळ येतात आणि मग मेडशी लागते. पोळा होऊन गेलेला असतो, सोयाबीन शेंगांवर आलेलं असतं, आणि शिवारातल्या साचल्या पाण्यावर हिरवी झाक चढते. ‘पानी खराब झालं’ म्हणून माणसं मोकळी होतात. गुरांची काही तक्रार नसते. ती पोटभर पितात.

ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाशी धरावं. नशीब असेल तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे हिरवे गोळे गिरक्या घेत उजेडाकडे सरकताना दिसतात. हा व्हॉल्वॉक्स. डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने १७०० सालच्या पत्रात त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे मद्रासच्या एम. ओ. पी. अय्यंगारांनी दक्षिणेतल्या त्याच्या भाऊबंदांवर १९३३ मध्ये लिहिलं.

गोळा कसला, ती आख्खी वस्तीच. ‘व्हॉल्वॉक्स कार्टेरी’ या जातीत दोनेक हजार बारक्या पेशी असतात, प्रत्येकीला दोन शेपट्या. वल्हवत राहायचं, एवढंच त्यांचं काम. वंश चालवायचा तो आतल्या सोळाएक मोठ्या पेशींनी. पोरं आईच्या पोटातच घडतात, पण उलटी. शेपट्या फुटायची बाजू आत. मग प्रत्येक पोर, उशीचा अभ्रा उलटावा तसं, स्वतःच्याच एका भोकातून अख्खं उलटून सुलट होतं. हात नाहीत, हाडं नाहीत, तरी तासाभराच्या आत काम फत्ते! पुढे आईला फाडून पोरं बाहेर पडतात आणि ते दोन हजार वल्हेकरी मरतात. एकटी पेशी दुभंगून दोन होते, मागे काही उरत नाही. इथे मात्र प्रेत उरतं. मला जन्मापेक्षा हेच जास्त खिळवून ठेवतं.

उन्हाने पाणी तापलं की कारभार बदलतो. नर-मादी पेशी तयार होतात आणि त्यांच्या मीलनातून जाड कवचाचे, तांबूस बीजाणू. पाणी आटतं, ते गाळात पडून राहतात.

आणि वैशाखात गाळ काढणारं यंत्र येतं. २०१७ पासून तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजनाच आहे. ट्रॉल्या भरभरून गाळ रानात पडतो, जमीन सुधारते, उत्तम. तळाच्या भेगांत मागे राहिलेले बीजाणू मृगाचं पाणी साचलं की उघडतील. ट्रॉलीतून गेलेल्यांची मात्र पंचाईत. सोयाबीनच्या बुडाशी पोहायला पाणी कुठलं!