धुऱ्यावरचा कवी

मी शाळेत इंग्रजी शिकवतो असे सांगितले, की समोरचा गृहस्थ हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, ‘पोरांना बोलता येते का?’ आणि दुसरा, ‘मार्क किती पडतात?’ पोरांना तुमच्या तासाला गोडी वाटते का, हा तिसरा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. इंग्रजी ही औषधाच्या बाटलीवरची भाषा, बँकेच्या फॉर्मवरची भाषा, फवारणीच्या डब्यावरची भाषा. तिच्यात कुणी हसले असेल, रडले असेल, संध्याकाळी उगीच उदास होऊन बसले असेल, ही कल्पना आमच्या गंगाखेड तालुक्यात सहसा कुणाच्या मनाला शिवत नाही. तिच्यात कविता असते, हे तर परीक्षेला येते म्हणूनच खरे मानायचे!

वास्तविक परक्या भाषेत शिकण्याची सवय आम्हाला जुनी आहे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तिथे वरचे शिक्षण उर्दूतून मिळू लागले. आमच्या आजोबांच्या पिढीने भूमिती उर्दूतून घोकली, इंग्रजीशी विषय म्हणून झटापट केली आणि घरी येऊन मराठीत भाकर मागितली. त्याच काळात या जिल्ह्यातल्या सातोन्याचे बी. रघुनाथ मॅट्रिक झाले, सरकारी बांधकाम खात्यात कारकून म्हणून राबले आणि चाळीस वर्षांच्या तोकड्या आयुष्यात कविता, कथा, कादंबऱ्या लिहून 1953 साली गेले. मीही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही आणि कादंबऱ्या लिहितो. आमची बरोबरी तेथेच संपते. पण एका लहानशा खासगी शाळेत तुटपुंज्या मानधनावर खडू झिजवताना तेवढा आधारही पुरतो.

तर गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी दहावीच्या वर्गात वर्डस्वर्थची ‘द सॉलिटरी रीपर’ ही कविता वाचायला घेतली.

“सर, परीक्षेला आहे?”

“नाही.”

अर्ध्या वर्गाने पेन खाली ठेवले. उरलेला अर्धा वर्ग ऐसपैस बसला. इंग्रजीच्या तासाला मुले ऐसपैस बसलेली मी फार वेळा पाहिलेली नाहीत.

कवितेची हकीगत साधी आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात एक बाई एकटीच शेतात पीक कापते आहे, पेंढ्या बांधते आहे आणि गाते आहे. तिची भाषा गेलिक. वाटेने जाणाऱ्या कवीला तिच्यातले अक्षर कळत नाही. तो थबकतो, ऐकतो, ती कशाबद्दल गात असेल याचे तर्क करतो आणि ते सूर मनात घेऊन टेकडी चढून जातो. कविता 1805 सालची. पुस्तकात आली 1807 साली. मी मुलांना हेही सांगितले, की ही बाई मुळात पाहिली होती कवीच्या थॉमस विल्किन्सन नावाच्या मित्राने. त्याच्या प्रवासवर्णनाच्या हस्तलिखितातल्या एका वाक्यावरून कविता सुचली आणि वर्डस्वर्थने तसे स्वतःच नमूद केले.

“म्हंजे सर, त्यानं कॉपी केली!” मागच्या बाकावरून आनंदाची आरोळी आली.

“नाव सांगून केली की तिला कॉपी म्हणत नाहीत,” मी म्हटले. वर्ग खळाळून हसला.

मला स्वतःला या कवितेत एक गंमत फार आवडते. ज्या भाषेपुढे माझी पोरे मुकी होतात, त्याच भाषेचा एवढा मोठा कवी येथे दुसऱ्या एका भाषेपुढे मुका उभा आहे. अर्थ कळत नाही म्हणून तो पळून जात नाही, आधी ऐकतो. इंग्रजीच्या तासाला बसावे कसे, याचा याहून चांगला धडा मला कुठल्या व्याकरणात सापडलेला नाही.

मी मुलांना विचारले, “ती काय गात असेल, सांगा.”

कुणी म्हणाले देवाचे, कुणी म्हणाले नवरा लढाईवर गेला असेल त्याचे. दोन्ही तर्क कवीच्या तर्कांच्या आसपासचेच होते. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. फारशी न बोलणारी, अंगाने किरकोळ.

“सर, त्यानं विचारलं नाही ते बरं केलं. मही माय निंदताना गाणं म्हणते. पण धुऱ्यावर कुणी येऊन उभं राहिलं की गप बसते.”

त्या दिवशी वर्गात मी पुढे काही शिकवले नाही. शिकवण्यासारखे उरले नव्हते. कवीच्या हळूच पुढे निघून जाण्यामागे त्या बाईच्या गाण्याची अदब आहे, हे ज्या मुलीने आईच्या बाजूने कविता वाचली, तिला कळले. मी तिला एवढेच सांगितले, की हे चार सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहून आण. तिने आणले. त्यात दोन ठिकाणी क्रियापद चुकले होते. म्हणणे कुठेच चुकले नव्हते.

हे आमच्याच मातीत घडावे, याचे मला नवल वाटले नाही. गंगाखेड हे जनाबाईचे गाव. दळणाकांडणाला अभंगाची जोड देणारी बाई येथली. आणि धुऱ्यावरच्या त्या वाटसरूला जे विचारता आले नाही, ते आपल्याकडे विचारणारेही निघाले. गी पॉयतवां हे जन्माने फ्रेंच गृहस्थ पुण्यात येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले आणि हेमा राईरकरांसह त्यांनी आणि गावोगावच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या बायांकडून गोळा केल्या. त्यासाठी ते धुऱ्यावर उभे राहिले नाहीत. घरात जाऊन, जात्याशेजारी बसून ऐकत राहिले.

पण दिवाळी जवळ आली की आमच्या वर्गात कवितेपेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर येतो. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ट्रॅक्टरवर चूल, सरपण आणि लेकरे चढवून पश्चिमेकडच्या कारखान्यांना, कर्नाटकात निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक ‘कोयता’. ही माणसे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दहावीची परीक्षा त्याआधीच होऊन गेलेली असते. थोरली मुलगी बरोबर नेली, की कोपीवर स्वयंपाकाला आणि धाकट्याला सांभाळायला माणूस मिळते. वर्गातला एक बाक रिकामा होतो.

त्या मुलीची आई शाळेत आली, तेव्हा ती कशाला आली हे मी ओळखले. डोक्यावरचा पदर सारखा करून ती दाराशीच उभी राहिली.

“गुरुजी, तुम्ही मह्यावरचं गाणं शिकिवता म्हनं?”

मी तिला आत बसवले आणि कविता मराठीत सांगितली. तिने मन लावून ऐकली.

“मग? पुढं काय झालं?”

“पुढे काही नाही. तो ऐकून निघून गेला.”

“एक पेंढीबी बांधू लागला नाही?”

“नाही.”

“अन् तिचं किती राहिलं व्हतं कापायचं?”

हे वर्डस्वर्थने लिहिलेले नाही. मी तसे सांगितले. बाई हसली. मग हसू आवरून म्हणाली, “हे शिकून पोरीला नोकरी लागंल का?”

खोटे बोलणे सोपे होते. मी म्हटले, “या कवितेने लागणार नाही, ताई. पण दहावी झाली तर पुढच्या वर्गाचे दार उघडे राहील. आणि तुमच्या पोरीने या कवितेत जे पाहिले, ते मला वीस वर्षे वाचून दिसले नव्हते.”

“काय पाह्यलं तिनं?”

मी सांगितले. बाई बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली. “गप बसते म्हनली व्हय,” एवढेच म्हणाली. जाताना तिने मला काही कबूल केले नाही, आणि मीही तिच्याकडून काही वदवून घेतले नाही. उचलीचे पैसे फेडायचे होते तिला, मला नव्हे.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर गेले. शाळा उघडली तेव्हा वर्गात सहा जागा रिकाम्या होत्या. दुसऱ्या बाकावरची रिकामी नव्हती. धाकटा भाऊ आईबरोबर गेला होता आणि पोर आजीपाशी राहिली होती.

हजेरी झाल्यावर मी पुस्तक उघडले. तिने हात वर केला.

“सर, माय इचारत व्हती, त्या बाईचं नाव काय?”

“कवीला ठाऊक नव्हतं,” मी म्हटले.

“मायला वाटलंच व्हतं,” ती म्हणाली आणि खाली बसून वहीवर तारीख लिहू लागली.