पांढऱ्यातलं पांढरं ओळखताना

पपईची तब्येत कळायची असेल तर पान उलटून बघावं. वरून हिरवंगार दिसणारं पान खालून शिरांच्या कडेकडेने पांढरं पडलेलं असतं. पुण्यात घरच्या परसातली आणि ओळखीपाळखीच्या गच्च्यांवरची झाडं मी बरीच वर्षं सांभाळते आहे. उन्हाचा कडाका वाढला की कुणा ना कुणा मावशींचा फोन येतोच. "अगं, पपईवर कापूस पिंजून टाकल्यासारखं झालंय. काय मारू?" त्यांची घाई मला कळते. हाताने लावलेलं, वाढवलेलं झाड डोळ्यांदेखत आक्रसतं तेव्हा जीव कासावीस होतो. तरी माझं पहिलं सांगणं एकच असतं: आज काही मारू नका, आधी भिंगातून बघा.

हा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. पिठ्या ढेकणाच्या जाती पुष्कळ आहेत, पण पपईवर झुंडीने येतो तो बहुतेक वेळा पपईचाच. ओळखायची खूण सोपी आहे. एक किडा काडीने चिरडला की पिवळा रस निघतो. जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या ढेकूण वेगळा, त्याचं अंगच गुलाबी असतं. पपईच्या किड्याची मादी दोन-तीन मिलिमीटरची, बिनपंखी आणि जागची फारशी न हलणारी. ती अंगामागे मेणकट कापसाची पिशवी विणते आणि त्यात १०० ते ६०० अंडी घालते. त्यातून निघणारी पिवळसर पिल्लं मात्र चपळ असतात. ती वाऱ्यावर उडतात, माणसाच्या कपड्यांना चिकटतात, कुंडीबरोबर या घरातून त्या घरात जातात. एकदा शिरेत सोंड खुपसली की रस ओढत बसतात. मग पान वाकडं होतं, शेंडा आखडतो, कोवळी फळं गळतात.

या किड्याच्या आधी नजर मुंग्यांवर ठेवावी. झाड वरून निरोगी दिसत असतानाच बुंध्यावरून मुंग्यांची वर-खाली ये-जा सुरू झालेली असते. पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतो, त्यासाठी त्या येतात आणि त्याच्या बदल्यात किड्याला राखतात. त्याला खायला आलेल्यांना त्या हुसकावून लावतात. उरलेल्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि पान काजळी फासल्यासारखं होतं. म्हणून मी आधी बुंध्याला प्लॅस्टिकची रुंद पट्टी घट्ट बांधते आणि तिच्यावर ग्रीसचा थर देते. ग्रीस थेट सालीला लावायचं नाही. झाडाचं पान भिंतीला किंवा शेजारच्या फांदीला टेकत असेल तर तेही कापायचं, नाहीतर मुंग्यांना दुसरी वाट मिळते. एवढ्या कामाने पुढची अर्धी लढाई सोपी होते, कारण राखणदार हटले की खाणारे येतात.

आणि खाणारे येतातच. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन त्या पांढऱ्या गर्दीकडे शांतपणे बघत राहिलं की त्यातलं सगळंच पांढरं सारखं नाही हे दिसायला लागतं. एखादा पांढरा जीव इतरांपेक्षा चौपट लांब असतो, त्याच्या अंगावरच्या मेणाच्या झालरी लांबलांब लोंबतात आणि तो भराभरा चालतो. तो पिठ्या ढेकूण नव्हेच. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी. काळपट पाठीचा, नारिंगी डोक्याचा हा ऑस्ट्रेलियन भुंगेरा १८९८ साली भारतात आणला गेला. आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार त्याला चांगले ओळखतात. त्याची अळी आणि प्रौढ दोघेही पिठ्या ढेकणावर जगतात. पण अळी पांढरी, म्हणून घरोघरी तीच आधी चिरडली जाते.

दुसरा पाहुणा याहून नवलाचा. एपफ्लाय नावाच्या छोट्या करड्या फुलपाखराची अळी पाला खात नाही, पिठ्या ढेकूण खाते. तीही अंगावर पांढरं पीठ घेऊन त्याच गर्दीत पसरून बसते, त्यामुळे सहज नजरेत भरत नाही. तिचा कोष मात्र विसरता येत नाही. पानावर चिकटलेल्या त्या इवल्या कोषावर हुबेहूब माकडाचा चेहरा उमटलेला असतो, डोळे-नाकासकट. तो मी लहान मुलांना आवर्जून दाखवते. ज्या मुलाने तो एकदा पाहिला, ते घरातल्या मोठ्यांना फवारणीचा पंप सहजासहजी उचलू देत नाही.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. काही किडे फुगलेले, तपकिरी, टणक झालेले दिसतात आणि त्यांच्या पाठीला एक गोल भोक असतं. त्यांच्या आत गांधीलमाशीच्या कुळातली एक परोपजीवी माशी वाढून बाहेर पडलेली असते. तिचं नाव ॲसेरोफॅगस पपयी, लांबी एक मिलिमीटरही नाही. पपईचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. २००८ साली तो कोइंबतूरमध्ये सापडला आणि तिथून पपई, तुती, साबुदाण्याचा कंद अशा पिकांवर पसरला. शेतकऱ्यांनी औषधांवर औषधं फवारली, तरी तो आवरेना. कारण त्याला मायदेशी आवरणारे इथे त्याच्याबरोबर आले नव्हते. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून ही माशी आणि तिच्या जोडीच्या आणखी दोन जाती बंगळुरूला आणल्या गेल्या, तपासून वाढवल्या गेल्या आणि शेतांत सोडल्या गेल्या. जे फवाऱ्यांनी जमलं नव्हतं ते त्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माशीने केलं. भोक पडलेला एक किडा दिसला तरी मला धीर येतो. आपण एकटे नाही, हे तो सांगतो.

म्हणून माझं काम ठरलेल्या क्रमाने चालतं. फारच माखलेली खालची पानं कापून पिशवीत बांधते, मात्र टणक किडे आणि माकडतोंडे कोष असलेलं पान झाडाखालीच ठेवते. मग पाइपच्या जोरदार धारेने पानाची खालची बाजू धुते. पिल्लं खाली पडतात, त्यांतली थोडीच परत चढतात. तरीही जोर राहिला तर जिथे गर्दी आहे तेवढ्याच जागी मऊ पोटॅशियम साबणाचं पाणी किंवा पाच टक्के निंबोळी अर्क. अर्कासाठी लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची आणि सकाळी फडक्यातून गाळायची. पपईचं पान नाजूक, त्यामुळे आधी एका पानावर मारून दोन दिवस बघायचं. फवारणी ऊन उतरल्यावर, आणि आठवड्याने पुन्हा, कारण मेणाच्या पिशवीतल्या अंड्यांपर्यंत यातलं काहीच पोचत नाही.

झाडात भिनणारी औषधं मी घरच्या पपईवर वापरत नाही. या झाडावर फूल, कच्चं फळ आणि पिकायला आलेलं फळ एकाच वेळी असतं. औषध मारल्यावर अमुक दिवस फळ खाऊ नका, हा नियम त्यावर पाळायचा कसा? आणि जे औषध किड्याला मारतं ते त्याला खाणाऱ्यांनाही सोडत नाही. किडा मेणाखाली थोडाफार वाचतो, मित्र उघड्यावर मरतात आणि महिन्याभरात कीड पहिल्यापेक्षा जोमाने येते.

झाडावर थोडी कीड राहू द्यावी, असं मी म्हणते तेव्हा पुष्कळांना ते पटत नाही. पण कीड पुरती संपली तर तिच्यावर जगणारेही संपतात आणि पुढची पिल्लं वाऱ्यावर आली की झाड उघडं पडतं. शिवाय हा किडा कुंपण मानत नाही. तो पलीकडच्या जास्वंदीवर असतो, चाफ्यावर असतो, गल्लीतल्या काँग्रेस गवतावरही असतो, आणि त्याच्यामागे ती माशीही तिथे असते. एका घराने जहाल औषध मारलं की आजूबाजूच्या सगळ्या घरांची माशी जाते. म्हणून मी पपईची काळजी एका घराची मानत नाही. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून ठरवावं: गवत उपटायचं, मुंग्या रोखायच्या, पाण्याने धुवायचं आणि भिंगातून बघितल्याशिवाय कुणीही फवारायचं नाही. एवढं ठरलं तर राखणीचं मोठं काम ती माशीच करते.