गाड्यांचा पोळा

यंदा पोळ्याला गावी गेलो होतो. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण होतं, डफडं वाजत होतं, घराघरातून पुरणाचा वास येत होता. पण तोरणाखाली उभ्या असलेल्या बैलजोड्या मोजल्या, तर अवघ्या अकरा! माझ्या लहानपणी वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत रांग लागायची. यंदा दोघा-तिघांनी चक्क ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा घालून रांगेत उभं केलं होतं. पोरं हसत होती, म्हातारे नाकं मुरडत होते. मी म्हातारा असूनही नाक मुरडलं नाही. कारण यंत्रांचा पोळा मी आधी एकदा पाहिला होता, आणि तोही मुंबईत!

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. लेकीकडे ठाण्याला गेलो होतो. रविवारी सकाळी जावई म्हणाले, "बाबा, चला, आज तुम्हाला एक गंमत दाखवतो." फोर्टात घेऊन गेले. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया म्हणून जुन्या मोटारींच्या मालकांची संस्था आहे, तिची रॅली होती. रस्त्याच्या कडेनं गाड्याच गाड्या. पितळी दिव्यांच्या, लाकडी आऱ्यांच्या, काही तर उघड्या टपाच्या. साधारणपणे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणतात आणि नंतरचीला 'क्लासिक', हे ज्ञान मला तिथेच मिळालं. मालक मंडळी कोट-हॅट घालून, बायका नऊवारी नेसून उभ्या. जो तो फडकं घेऊन आपली गाडी पुसतोय. आधीच आरशासारखी चकचकीत, तरी पुसतोय.

मी जावयांना म्हटलं, "अहो, हा तर पोळा!"

आणि खरंच सांगतो मंडळी, फरक काही नव्हता. आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतो, इथे पॉलिश. तिथे झूल आणि बेगड, इथे क्रोमियमची पट्टी. मानाचा बैल पुढे असतो, तशी इथेही सर्वांत वयस्कर गाडी पुढे. आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी कामाला जुंपायचं नाही. नुसतं मिरवायचं.

हे वेड काही आपल्याकडचंच नाही. इंग्लंडात १९३० साली व्हेटरन कार क्लब निघाला. तिथे दर नोव्हेंबरात १९०५ पूर्वीच्या गाड्या लंडनहून ब्रायटनला जातात. एके काळी तिकडे मोटारीच्या पुढे एक माणूस पायी चालत ठेवायची सक्ती होती. ती १८९६ मध्ये उठली, त्या आनंदाची ही आठवण! आपल्याकडे दिल्लीत 'स्टेट्समन' वृत्तपत्राची रॅली १९६४ पासूनची. असो.

रांगेच्या शेवटी शेवटी गर्दी कमी होती. राजे-महाराजांच्या गाड्या सोडून कोण तिकडे जाणार? तिथे एक फियाट उभी होती. बिस्किटी रंगाची, १९६६ सालची अकराशे डिलाइट. माझे पाय तिथेच थांबले. जावई पुढे निघून गेले होते, ते परत आले तरी मी तिथेच.

कारण तशीच गाडी आमच्या दादाकडे होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात तो डॉक्टर होता. त्यानं १९७८ साली औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) एका डॉक्टरांकडून ती गाडी घेतली. १९६७ ची, म्हणजे घेतली तेव्हाच अकरा वर्षांची. त्या काळी नव्या फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, त्यामुळे जुन्या गाडीलाही मान होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बने. पुढे हिचीच 'पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, आणि गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खाली. सातवी-आठवीची पोरं नुसती ती दांडी बघायला दादाच्या दवाखान्यात पोट दुखतंय म्हणून यायची!

नाव मोटार, पण काम बैलाचं. सकाळी दवाखान्याची औषधं, दुपारी खताची पोती, रात्री पेशंट. टपावर दादानं लोखंडी कॅरिअर बसवून घेतलं होतं, बाज बांधायला. हॉर्न एका मोडीतल्या ट्रकचा. सायलेन्सरला जालन्याच्या वेल्डरची इतकी ठिगळं, की मूळचा सायलेन्सर किती उरला होता, हे देव जाणे. डाव्या दाराला एक पोचा होता, बैलगाडीचं जू लागून पडलेला. तो दादानं कधी काढला नाही. म्हणायचा, "पेशंट बरा झाला की व्रण कोण बघतो?"

एक मे महिना आठवतो. शाळेला सुट्टी होती म्हणून मी गावीच होतो. भर दुपारी एक अडलेली बाई आली. दादानं तिला मागच्या सीटवर निजवलं, तिची आई शेजारी, मी पुढे. निघालो जालन्याला, सरकारी दवाखान्यात. अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी दिसायला लागली आणि गाडी बंद! उन्हानं पेट्रोलची नळीतच वाफ झाली की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. त्या काळच्या गाड्यांचं हे उन्हाळ्याचं हमखास दुखणं. दादा शांतपणे उतरला, बॉनेट उघडलं आणि मला म्हणाला, "तुझं उपरणं दे." पाण्याच्या कॅनमध्ये बुडवून ते पंपावर गुंडाळलं. मागे ती बाई कण्हतेय, तिची आई देवीचा धावा करतेय, आणि आम्ही दोघं भाऊ एका पंपाला ओल्या पट्ट्या देत बसलोय, ताप आलेल्या लेकराला देतात तशा. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. संध्याकाळी जालन्यात बाई सुखरूप मोकळी झाली. तो मुलगा पुढे सहावीला माझ्या वर्गात होता. गणितात कच्चा, पण गुणी.

तर त्या बिस्किटी फियाटच्या मालकांना मी हे सगळं सांगितलं. माझ्याच वयाचे गृहस्थ, सत्तरीकडे झुकलेले. फडकं हातात धरून ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आता कुठे आहे ती गाडी, सर?"

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं.

दादा २००४ साली गेला. गाडी वाड्याच्या पडवीत उभी राहिली. आधी एक टायर बसलं, मग चारही. पुढे तुरकाठ्यांचा भारा तिच्यावर आला, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. वहिनी दर दिवाळीला म्हणायच्या, "भाऊजी, गाडीचं काहीतरी बघा. सुरू तरी करून घ्या." मी म्हणायचो, "बघतो वहिनी." सात वर्षं मी बघतच होतो. २०११ मध्ये पुतण्यानं पुण्याहून फोन केला, "काका, पडवी पाडून खोल्या काढायच्यात. भंगारवाला बोलवा." मी बोलावला.

आमचा जालना. 'जालना सोने का पालना' असं म्हणत आलेत लोक. आता पाळणा लोखंडाचा! एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये देशभरातलं भंगार वितळतं आणि त्याच्या सळया होतात. तेव्हा गाडीला लांब जावंही लागलं नाही. नऊशे किलोच्या आतबाहेरचं वजन, तेरा हजार रुपये आले. नोटा मी मोजल्या. शिक्षकाची सवय, दोनदा मोजल्या. वहिनी घरातून बाहेर आल्या नाहीत.

हे मी त्या गृहस्थांना सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं."

मग त्यांनी क्लबात काय चालतं ते सांगितलं. रॅली हा वर्षातला एक दिवस. बाकीचं वर्ष शोधाशोधीत जातं. कुणाला कार्ब्युरेटरचं जेट हवं असतं, कुणाला दाराची रबरी पट्टी. एकाकडे जास्तीचं असतं, तो देतो. कारखान्याची जुनी पुस्तिका एकाकडे असते, तिच्या झेरॉक्स सगळ्यांकडे जातात. पॉइंटचं अंतर कानानं ओळखणारे म्हातारे मेकॅनिक कुठल्या गल्लीत आहेत, याची तोंडी यादी असते. कुणाची गाडी वर्षभर उभी राहिली, तर चौघं जण एखाद्या रविवारी जाऊन ती सुरू करून देतात. "सर, गाडी गंजानं मरत नाही," ते म्हणाले, "एकटी पडली की मरते."

मी निरोप घेतला. पण एक गोष्ट मनात टोचत राहिली, तीही सांगतो. या रॅलीत परीक्षक असतात. गाडी कारखान्यातून निघाली तशीच किती राहिली आहे, यावर ते गुण देतात. रंग, दिवे, सीटचं कापड, सगळं मूळचं हवं. जुन्या वाहनांची एक जागतिक संघटना आहे, १९६६ सालची. तिच्या व्याख्येतही गाडी किमान ३० वर्षांची, मूळ स्वरूपात जपलेली आणि रोजच्या कामाला न वापरलेली असावी लागते. आमच्या दादाच्या गाडीला तिथे किती गुण मिळाले असते? ट्रकचा हॉर्न, ठिगळांचा सायलेन्सर, बाजेचं कॅरिअर, दाराला पोचा. साफ नापास! पोळ्याला आपण बैलाला मान देतो, तो वर्षभर राबला म्हणून. इथे मान मिळतो, तो राबण्यापासून वाचला म्हणून. मला हे तेव्हा पटलं नाही.

आता थोडं पटतं. राबणारं सगळं झिजतं आणि झिजलेलं भट्टीत जातं, हा जगाचा नियमच आहे. मुंबईच्या टॅक्सीचंच बघा. हजारो पद्मिनी काळ्या-पिवळ्या रंगात रात्रंदिवस राबल्या. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती, ती शेवटच्या गाडीचीही भरली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. उद्याच्या लेकरांना पद्मिनी बघायची असेल, तर ती क्लबवाल्याच्या गॅरेजमध्येच दिसणार. पोचा नसलेली का होईना, पण दिसेल तरी. आमच्या गाडीला पोचा होता, आणि आज ती कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन बसली आहे.

आणि दैवाची गंमत पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' अशी अक्षरं येतात. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा ५,०००. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरती ती रस्त्यावर आणता येते, रोज फिरवता येत नाही. दादाची गाडी तेव्हा ५४ वर्षांची असती. मी ती बरोबर दहा वर्षं आधी तेरा हजारांना मोडीत काढली होती.

आता गावच्या पोळ्याकडे परत येतो. ज्यांच्याकडे बैल उरले नाहीत, ते मातीचे बैल आणून पाटावर पूजतात. वहिनींचंही तसंच. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. यंदा त्यांच्या पाटावर मातीच्या दोन बैलांशेजारी हळद-कुंकू लावलेली एक किल्ली ठेवलेली दिसली. मी ओळखली. भंगारवाल्याला किल्ली लागत नाही, त्यामुळे ती घरातच राहिली होती.

मी म्हटलं, "वहिनी, मी तेव्हा थांबायला हवं होतं."

त्या म्हणाल्या, "तुम्ही एकटे काय करणार होतात, भाऊजी? पुरण वाढू का अजून?"

त्यांनी मला माफ केलं की विषय बदलला, हे मी विचारलं नाही. पानावर पुरण घेतलं.

तेव्हा मंडळी, तुमच्या पडवीत, गोठ्यात एखादी जुनी गाडी उभी असेल, तर या म्हाताऱ्या मास्तराचं ऐका. फियाट असो, विलिस जीप असो, की आजोबांची लॅम्ब्रेटा. आधी तिचं आरसी बुक शोधा आणि वाळवी लागणार नाही अशा डब्यात ठेवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यानं जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगतात, ते बदलून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तशीच गाडी असलेली आणखी तीन माणसं गाठा. चार झाली की तोच क्लब.

'बघतो' मात्र म्हणू नका.